कडेची नजर

ज्या दिवशी धाकट्या मुलीच्या, गुन्वोरच्या, बाळाचा बाप्तिस्मा झाला, म्हणजे १९९७ च्या मे महिन्यात, त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर एल्दारने उजव्या कोपराने दुधाचं भांडं पाडलं आणि ते पुसायला फडकं शोधताना डाव्या हाताने मलईच्या केकची बशी जमिनीवर घातली.

"घ्या! नातवाच्या आधी आजोबांनीच सांडायला सुरुवात केली," सिवर्ट म्हणाला. एल्दार ज्या फेरीबोटीचा कप्तान होता, तिच्या डेकवर सिवर्ट एकवीस वर्षं काम करत होता, आणि या घरात त्याला पाहुणा कुणी म्हणत नसे.

सगळे हसले. एल्दारही हसला. थोरली तुरिद मात्र हसली नाही. भांडं बापाच्या पुढ्यातच होतं, जरा उजवीकडे. बशी जरा डावीकडे. त्याने दोन्हींकडे पाहिलंच नव्हतं, जणू टेबल त्याच्या ताटाच्या दोन्ही कडांशी संपत होतं.

तिने त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"बाबा, माझ्या नाकाकडे बघा."

"छत्तीस वर्षं बघतोय. आईवर गेलंय. मोठंच आहे."

"नजर हलवू नका. आता सांगा, बोटं किती?"

तिने दोन्ही हात बाजूंना पसरले होते.

"दोन."

"आता?"

"दोन."

"आणि आता?"

"दोनच. तुला काय हातभर बोटं आहेत का?"

तिसऱ्या वेळी तिने दोन्ही मुठी मिटल्या होत्या. मग ती हात हळूहळू आत आणत गेली. तिची बोटं तिच्याच गालांपाशी आली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "हां, आता हलतंय काहीतरी."

"कधीपासून हे?"

"म्हातारा झालोय गं. बासष्ट म्हणजे काही थोडंथोडकं वय नाही."

"म्हातारपण दोन्ही बाजूंनी असं मापून येत नाही, बाबा."

तुरिद शहरातल्या मोठ्या इस्पितळात एमआरआयच्या यंत्रावर काम करत होती. नऊ वर्षांत तिने हजारो डोकी आतून पाहिली होती. दोन्ही कडांची नजर एकदम जाते, तेव्हा दोष डोळ्यांत नसतो, डोळ्यांच्या मागे असतो, हे तिला ठाऊक होतं. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, तिथेच खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. तिथे गाठ वाढली की ती नसांना खालून वर रेटते, आणि माणसाला मधलं तेवढं दिसत राहतं. पण हे बापाला तिने त्या दिवशी सांगितलं नाही. ती बाहेर आली आणि तिने जमिनीवरचा केक पुसून घेतला.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्याच बोटीने फ्योर्डची खाडी ओलांडून परत निघाली. गाडीत न बसता डेकवर पुढे जाऊन उभी राहिली. धक्का जवळ आला तशी सिवर्टने शिट्टी वाजवली, एकदा. बोट थोडी उजवीकडे वळली. मग दोनदा वाजवली. बोट थोडी डावीकडे आली. तरीही शेवटी धक्क्याच्या लाकडांना कूस घासून गेलीच.

"ही शिट्टी कधीपासून, सिवर्टकाका?"

"कुठली? मी खुशीत असलो की वाजवतो."

"उजव्या खुशीला एक आणि डाव्या खुशीला दोन?"

सिवर्टने दोरी खांबाला दोन वेढे दिले आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "ख्रिसमसपासून. कप्तानाला कुणी खाली उतरवतं का, तुरिद? एका जानेवारीत मी दोरीसकट पाण्यात गेलो होतो. त्याने मला काढलंय."

"बोटीवर सत्तर माणसं असतात."

"म्हणून तर वाजवतो."

ती वर सुकाणूघरात गेली. एल्दार पाठमोरा उभा होता. त्याच्या हातात वहीत नोंद करायची पेन्सिल होती.

"वर यायला उतारूंना मनाई आहे," तो म्हणाला.

"ऑगस्टपर्यंत थांबलात तर तुम्हाला सुकाणू दिसेल, धक्का दिसणार नाही. नंतर सुकाणूही दिसणार नाही. गेलेली नजर मग कुणालाच परत आणता येत नाही."

"उन्हाळ्याची गर्दी संपू दे."

"उद्या तुम्ही खाली उतरा. नाहीतर परवा मी कंपनीच्या कचेरीत जाते."

गाड्या एकेक करून बाहेर पडल्या.

"आईसारखं नुसतं नाकच नाही तुझं," तो शेवटी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कंपनीला फोन करून सांगितलं की पाठ धरली आहे, उठवत नाही. पस्तीस वर्षांत त्याने घेतलेली ही पहिली रजा.

डोळ्यांच्या डॉक्टरने तपासलं, रक्त तपासलं, आणि जून लागता लागता एल्दार एमआरआयच्या खोलीबाहेर बाकावर बसला होता. अंगात इस्पितळाचा झगा होता आणि पायांत स्वतःचे लोकरी मोजे. आपल्या माणसाचा फोटो आपण काढायचा नाही, असा तिथला रिवाज होता, म्हणून यंत्रावर मारित होती. तुरिद आणि ती नऊ वर्षं एकाच पाळीला होत्या. तुरिद मागे काचेपाशी हाताची घडी घालून उभी होती.

मारितने प्रश्नांचा कागद वाचायला घेतला. त्या खोलीत चुंबक असतो, आणि तो दिवसरात्र चालू असतो. लोखंडाची खुर्ची चुकून आत गेली तर उडून यंत्राला चिकटते. त्यामुळे कागद भरून घेतला असला तरी मारित एकेक प्रश्न पुन्हा तोंडी विचारत असे.

"हृदयाला काही यंत्र बसवलंय?"

"नाही."

"कवळी?"

"खिशात आहे."

"डोळ्यात कधी धातूचा कण गेलाय?"

"नाही."

"बरं. चला."

"थांब, मारित," तुरिद म्हणाली.

दोघांनीही वळून पाहिलं.

"बाबा, दर वसंतात बोटीचा गंज कोण ठोकून काढतं?"

"आम्हीच. मग दुसरं कोण?"

"आणि घरी आल्यावर आई खिडकीपाशी बसवून काड्यापेटीच्या काडीने तुमच्या डोळ्यातून काय काढायची?"

"गंज," एल्दार म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. "ती धातूचं विचारतेय. गंज म्हणजे कचरा. तो धरायचा म्हटला, तर या किनाऱ्यावरचा एक माणूस तुमच्या यंत्रात जाणार नाही."

मारितने हातातला कागद खाली ठेवला.

"आधी डोळ्यांचा एक्स-रे काढू," तुरिद म्हणाली.

"मी सही केलीय त्याच्यावर." एल्दारचा आवाज चढला नव्हता, पण बाकावरच्या दुसऱ्या दोन रुग्णांनी माना वळवल्या. "चार लोकांत तू मला खोटारडा ठरवतेस? इथे तुझी पाळीसुद्धा नाही. तुझा काय संबंध?"

"संबंध असो नसो. या दारातून तुम्ही आत्ता आत जाणार नाही."

ती दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात तिने चौकटीवर टेकवले.

एक्स-रेत डाव्या डोळ्याच्या खालच्या अंगाला एक पांढरा ठिपका दिसला, मोहरीच्या निम्म्याएवढा. चुंबकाने तो ओढला असता, तर तो आपली वाट डोळ्यातूनच काढत गेला असता. मारितने फिल्म उजेडावर धरली आणि एल्दारला दाखवली. त्याने ती हातात घेतली, डोकं एका बाजूला वळवलं, मग दुसऱ्या बाजूला, आणि परत दिली.

पुढचे चार दिवस तुरिदचा फोन आला की तो रिसीव्हर गुन्वोरकडे द्यायचा. पाचव्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरने सुईने तो कण काढला. डोळा बरा व्हायला दहा दिवस गेले, आणि त्या दहा दिवसांत कडांकडचा अंधार आणखी बोटभर आत सरकला. तुरिदने ते मोजलं होतं. रोज रात्री झोपताना ती मनात हिशोब करायची: मी अडवलं नसतं तर? मी अडवलं आणि त्यात उशीर झाला तर?

दुसऱ्या खेपेला मारितने कागद वाचायला घेतला, तेव्हा एल्दारने हात वर केला.

"एक सांगायचंय. फोटो तू काढू नकोस."

"का? मी चावते का?"

"त्या दिवशी मला जिने अडवलं, ती हवी."

"ती तुमची मुलगी आहे, एल्दार. घरच्या माणसाने काढायचा नाही, असा रिवाज आहे आमचा."

"घरचं माणूस मागतच नाहीये मी." तो काचेकडे बघत होता, पण काचेमागच्या तुरिदकडे नाही. "माझ्या बोटीवर कुणी असं दार अडवून उभं राहिलं असतं, तर सुकाणू मी त्याच्याच हाती दिलं असतं. कप्तानाला नाही म्हणायला छाती लागते."

मारितने तुरिदकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "मी वरिष्ठांना विचारून येते," ती म्हणाली, "आणि येताना कॉफी घेऊन येते. वरिष्ठ काय म्हणणार ते मला माहीत आहे, कॉफीला तेवढा वेळ लागेल."

एल्दार यंत्रात गेला. तुरिदने ध्वनिवर्धकाचं बटण दाबलं.

"बाबा, ऐकू येतंय?"

"येतंय. तुमच्या इंजिनचं बेअरिंग गेलंय बघ. आमचं बरं वाजतं."

"आता गिळायचं नाही, खोकायचं नाही, बोलायचं नाही."

"म्हणजे चर्चमध्ये असल्यासारखं."

"तिथेही तुम्ही बोलता. इथे नको."

पडद्यावर एकेक चित्र उमटत गेलं. गाठ होती. चांगली अक्रोडाएवढी, ग्रंथीच्या खोबणीतून वर निघालेली, आणि तिच्या माथ्यावर डोळ्यांच्या नसा ताणलेल्या दोरीसारख्या वाकलेल्या. तुरिद ते बघत राहिली. एरवी ती अशी चित्रं पाहून पुढचं बटण दाबायची. आज तिने स्वतःला बजावलं की हे एका बासष्ट वर्षांच्या पुरुषाचं डोकं आहे, आणि कामाला लागली.

ठरलेली चित्रं झाली. शिरेतून औषध देऊन पुन्हा घेतली. काम इथे संपलं होतं. पण तिला काहीतरी खटकत होतं. नाकाच्या मागे हाडात एक पोकळी असते, आणि तिच्यात उभा असा हाडाचा पातळ पडदा. सर्जन नाकातून त्या पोकळीत शिरतो आणि तिच्या मागच्या भिंतीतून गाठीपर्यंत पोचतो. या चित्रांत तो पडदा कुठे संपतो ते नीट कळत नव्हतं.

"बाबा, आणखी सात मिनिटं. जमेल?"

आतून उत्तर आलं नाही. बोलायचं नाही असं तिनेच सांगितलं होतं. तिने पातळ कापांची आणखी एक फेरी घेतली, समोरून, अगदी जवळजवळच्या रेषांची. एल्दार सात मिनिटांत एवढासाही हलला नाही. ती चित्रं मारितने नंतर पाहिली तेव्हा तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "अगं, ही तर वर्गात दाखवण्यासारखी आहेत."

आठवड्याने डॉक्टर लोफ्थुस यांनी बापलेकीला खोलीत बोलावलं. त्या सर्जन. लहान चणीच्या, पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. त्यांनी चित्रं उजेडावर लावली.

"आत जायचा रस्ता नाकातून," त्या म्हणाल्या. "हे इथे—"

"मधोमध जायचं?" एल्दारने विचारलं. तो खुर्ची सरकवून चित्राच्या इतका जवळ गेला होता की त्याचं नाक काचेला लागत होतं. चित्राचा एकेक तुकडा तो आपल्या उरलेल्या नजरेत आणून बघत होता.

"मधोमधच. पण मध्य कुठे आहे, हे आत गेल्यावर दिसत नाही. तिथे हाडाचा हा पडदा असतो, त्याला धरून आम्ही जातो."

"आणि हे दोन्ही बाजूंना काळे गोल?"

"मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या वाहिन्या. त्यांना धक्का लागला तर टेबलावरच खेळ संपतो."

एल्दारने बोट ठेवलं. "पण हा पडदा मधोमध नाही. तो वाकडा जातोय. सरळ त्या गोलावर जाऊन टेकलाय."

डॉक्टर लोफ्थुस यांनी चष्मा काढला.

"म्हणजे खूण खोटी आहे," एल्दार म्हणाला. "ती धरून चाललात तर थेट खडकावर."

"तुमचा धंदा काय?"

"फेरीबोट."

"तरीच," त्या हसल्या. "बरोबर आहे तुमचं. तो पडदा धरून गेले असते, तर उजवीकडच्या वाहिनीवर गेले असते. आता मी डावीकडून जाणार. नेहमीच्या चित्रांत हे दिसत नाही. हे पातळ काप मी मागितले नव्हते." त्या तुरिदकडे वळल्या. "तू घेतलेस?"

"पडद्याचा शेवट दिसत नव्हता, म्हणून."

"गाठ डावीकडे वाहिनीला चिकटलीय, की नुसती टेकलीय? तुला काय वाटतं?"

"टेकलीय. मध्ये एक रेघ मोकळी आहे. नवव्या आणि दहाव्या कापात बघा."

डॉक्टरांनी नववा काप पाहिला, दहावा पाहिला, आणि मान हलवली.

जिना उतरताना एल्दार कठडा धरून सावकाश चालत होता. अर्ध्या जिन्यात थांबला.

"त्या बाईने तुला विचारलं."

"काय?"

"चिकटलीय की टेकलीय. एवढी मोठी सर्जन, आणि तुला विचारलं." तो पुन्हा उतरायला लागला. "मी गावात सांगायचो, थोरली इस्पितळात बटणं दाबते."

तुरिदने त्याच्या पाठीकडे पाहिलं. कपड्यांच्या दुकानात नवा कोट अंगावर चढवून पाहावा, तशी ती पाठ ताठ झाली होती.

शस्त्रक्रिया जूनच्या शेवटी झाली. साडेतीन तास. डॉक्टर लोफ्थुस डावीकडून गेल्या. तुरिद त्या दिवशी पाळीवर होती. तिने सुट्टी मागितली नाही, कारण नुसतं बसून राहणं तिला जमलं नसतं. तिने दुसऱ्यांच्या गुडघ्यांची आणि मणक्यांची चित्रं काढली. संध्याकाळी ती वर गेली, तेव्हा एल्दारच्या नाकात बोळे होते आणि तोंड उघडं होतं. तो खिडकीकडे बघत होता.

"बाबा?"

"दोन पडदे आहेत," तो बोळ्यांतून म्हणाला.

"हो."

"दोन्ही दिसतायत. एकदम." मग तो म्हणाला, "मळलेत. सांग त्यांना."

ती पलंगाच्या डाव्या बाजूला उभी होती. त्याने मान न वळवता हात लांब केला आणि बरोबर तिच्या मनगटावर ठेवला.

सप्टेंबरात खलाशांना तपासणाऱ्या डॉक्टरने त्याची नजर चारही दिशांना मोजली आणि कप्तानकीच्या कागदावर शिक्का मारला. सिवर्टने बोटीवर छोटा झेंडा लावला. तुरिद मुद्दाम शहरातून आली. एल्दारने गणवेश घातला, वर गेला, आणि बोट पलीकडच्या धक्क्याला अशी लावली की लाकडांना कळलंसुद्धा नाही. परत येऊन अलीकडेही तशीच लावली. शिट्टी कुणी वाजवली नाही.

"आता आणखी पाच वर्षं तुझं तोंड बघायचं का?" सिवर्ट खालून ओरडला.

एल्दार खाली आला. नोंदीच्या वहीत त्याने त्या दोन फेऱ्या लिहिल्या, वही काखेत मारली, आणि तुरिदला म्हणाला, "गाडी आहे ना? मला कचेरीत सोड."

कंपनीच्या कचेरीत तो अर्धा तास आत होता. बाहेर आला तेव्हा त्याच्या टोपीवरची सोनेरी पट्टी नव्हती.

"काय केलंत?"

"ख्रिसमसपासून मेपर्यंत या वहीत रोज लिहिलं, सर्व ठीक. ते ठीक नव्हतं. तेवढं सांगून आलो. पाठीचंही सांगितलं."

"पण कुणाला ठाऊकच नव्हतं! आणि आता तर दिसतंय तुम्हाला."

"दिसतंय म्हणूनच." तो गाडीत बसला. "सिवर्टचं नाव नाही घेतलं. शिट्टी माझ्या हुकमाने वाजत होती. ते म्हणाले, घरी बसा, पेन्शन देतो. मी म्हटलं, डेकवर माणूस लागतोच ना तुम्हाला?"

तुरिदने किल्ली फिरवली नाही.

"तुझ्यावर रागावून बसू नका, असं मला कुणी सांगितलं नव्हतं, पोरी," तो समोर बघत म्हणाला. "चार दिवस रागावलो. मग विचार केला, ही दार अडवून उभी राहिली. मी पाच महिने कुणालाच अडवलं नाही. स्वतःलाही नाही. चल आता, सिवर्ट वाट बघत असेल. आजपासून तो माझा साहेब."

"तो तुम्हाला फार छळेल."

"छळू दे. एकवीस वर्षांचं उट्टं आहे."

त्यानंतरची पाच वर्षं शहरातून गावी येताना तुरिद गाडी रांगेत लावायची, आणि पुढे डेकवर पिवळं जाकीट घातलेला म्हातारा उभा असायचा. दोन्ही हात पूर्ण पसरून तो डावीकडची आणि उजवीकडची रांग एकाच वेळी आत घ्यायचा, मान हलवायची गरज त्याला पडत नसे. तिची गाडी आली की तो काचेवर टिचकी मारायचा आणि मागच्या गाडीवाल्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायचा, "या बाईंना सांभाळून जाऊ द्या. मोठमोठे सर्जन विचारायला येतात यांच्याकडे." ती दर वेळी लाजून काच वर करायची.

एल्दार २०१४ साली नोव्हेंबरच्या नऊ तारखेला, रविवारी सकाळी, घरी हृदयविकाराने वारला. तो एकोणऐंशी वर्षांचा होता. सिवर्ट त्याच्या तीन वर्षं आधी गेला होता.